जुने स्वर, नवी यंत्रे

देवासहून भोपाळकडे जाणाऱ्या मार्गावर, काली सिंध नदीच्या काठी सोनकच्छ हे तहसिलीचे गाव आहे. या तहसिलीत गंधर्वपुरी नावाचे एक खेडे असून विक्रमादित्याचा पिता म्हणून कथांतून येणाऱ्या गंधर्वसेनाचे ते गाव, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. कथेतील गंधर्वसेन खरा किती आणि कल्पित किती, हा वाद बाजूस ठेवला तरी तेथील पाषाणमूर्ती कल्पित नाहीत. परमारांच्या काळातील जैन आणि हिंदू शिल्पे तेथे जमिनीतून निघाली आणि ती गावातच संग्रहित करून ठेवण्यात आली आहेत. एखाद्या मूर्तीचा हात मोडलेला असतो, एखादीचे मुख झिजलेले असते. तथापि ती मूर्ती कोणाची, हे जाणत्यास बहुधा ओळखता येते. मूर्तीच्या हाती वाद्य असले तर ते वाद्य कोणते, हेही सांगता येते. पण त्या वाद्यातून कोणता स्वर निघत असे, हे मात्र पाषाण सांगत नाही. शिल्प पाहावयास डोळे पुरतात. संगीताचे तसे नाही. ते कागदावर, तबकडीवर वा फितीवर कितीही जपून ठेवले, तरी ते पुन्हा ऐकावयाचे म्हणजे दर वेळी कोणीतरी ते वाचून, उघडून, वाजवून दाखवावे लागते. तो वाचणारा नाहीसा झाला की जपलेले संगीत मुके होते.

हा प्रश्न आज एका नव्या रूपाने पुढे आला आहे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत गाणी, भजने, नाट्यपदे आणि चित्रपटसंगीत संगणकावर मुद्रित होऊ लागले. १९९५ च्या सुमारास एखाद्या ध्वनिमुद्रणगृहाने संगणकावर रचलेले भजन आजच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडू गेल्यास ते उघडतेच असे नाही. उघडले तर पूर्वीसारखे वाजतेच असे नाही. नव्या यंत्राचा हा दोष मानून पुष्कळ जण हळहळतात. परंतु जुने लिखाण नव्या वाचकास न उमजणे ही गोष्ट संगणकापासून सुरू झालेली नाही. तिचा इतिहास पुष्कळ जुना आहे, आणि तो पाहिल्यावाचून आजच्या अडचणीचे मर्म कळावयाचे नाही.

तमिळनाडूत पुदुक्कोट्टैजवळ कुडुमियामलै येथे एका खडकावर सातव्या शतकाच्या सुमाराचा एक लेख आहे. त्यात सात रागांचे स्वरसमूह चार-चार स्वरांच्या गटांनी कोरलेले आहेत. १९०४ साली तो उजेडात आला आणि पुढे पी. आर. भांडारकर यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या बाराव्या खंडात त्याचे संपादन केले. लेखातील अक्षरे स्पष्ट आहेत. ‘र, रि, रु, रे’ अशी एकाच स्वराची निरनिराळी रूपे त्यात दिसतात. पण अकार, इकार, उकार आणि एकार यांतील भेदाने नेमके काय दर्शवावयाचे होते, याविषयी पंडितांचे एकमत होऊ शकलेले नाही. म्हणजे खडक टिकला, अक्षरे टिकली, परंतु ती अक्षरे गळ्यात उतरविण्याची किल्ली हरवली. टिकाऊपणाच्या दृष्टीने पाषाणाहून श्रेष्ठ साधन मानवाजवळ नव्हते. तरीही ते साधन एकट्याने पुरे पडले नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रातील दोन थोर पुरुषांनी हा प्रश्न हाती घेतला. एक पंडित विष्णु दिगंबर पलुसकर आणि दुसरे पंडित विष्णु नारायण भातखंडे. पलुसकरांचा जन्म १८७२ साली कुरुंदवाड येथे झाला. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांजवळ त्यांनी विद्या संपादन केली आणि १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. शिष्यांस शिकवावयाचे तर पुस्तके हवीत, आणि पुस्तके हवीत तर स्वर लिहिण्याची पद्धती हवी, हे ओळखून त्यांनी आपली स्वरलिपी तयार केली व ती छापण्यासाठी स्वतःचे मुद्रणालयही चालविले. भातखंडे हे १८६० साली मुंबईत वाळकेश्वर येथे जन्मले. वकिली सोडून त्यांनी देशभर प्रवास केला, घराणेदार गायकांकडून बंदिशी मिळविल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत त्या आपल्या लिपीत प्रसिद्ध केल्या. ग्वाल्हेरीस माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने १९१८ साली जे संगीत विद्यालय निघाले, ते भातखंड्यांच्याच प्रेरणेने.

दोघांचा हेतू एकच होता, पण चिन्हे भिन्न होती, आणि हा भेद किती घातक ठरू शकतो हे उदाहरणानेच कळेल. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब दिले म्हणजे तो तार सप्तकाचा स्वर समजावा. मंद्राचे टिंब खाली असते. पलुसकर पद्धतीत डोक्यावरील टिंब मंद्र सप्तकाचे आणि तार सप्तकासाठी उभी रेघ. म्हणजे एकाचे पुस्तक दुसऱ्याच्या शिष्याने उघडले, तर वरचा षड्ज खाली आणि खालचा वर, असा अनर्थ व्हावयाचा. भातखंडे समेवर गुणाकाराची खूण करतात, तर पलुसकर खालीवर अधिकाची खूण करतात; दोन्ही चिन्हे छापील पानावर सख्ख्या भावंडांसारखी दिसतात. भातखंड्यांचे शून्य म्हणजे खाली. पलुसकरांचे स्वराखालील शून्य म्हणजे अर्धी मात्रा. कोणतेही चिन्ह पुसट झालेले नाही, कागद फाटलेला नाही, आणि तरीही वाचक बदलताच अर्थ बदलतो.

यांपैकी पलुसकरांची लिपी अधिक सूक्ष्म होती. प्रत्येक स्वराचा काल तीत वेगळ्या खुणेने दाखविता येई. भातखंड्यांची लिपी साधी; मात्रांचे खण पाडावयाचे, एका मात्रेत अनेक स्वर आले तर त्यांखाली कंस काढावयाचा, आणि बाकीचे गुरूवर व शिष्याच्या कानावर सोपवावयाचे. प्रसार मात्र मुख्यत्वे या साध्या लिपीचाच झाला. चिन्हे थोडी असल्याने ती छापणे सोपे, शिकणे सोपे. शिवाय ग्वाल्हेर, लखनौ येथील विद्यालये आणि त्यांच्या परीक्षा तिच्या पाठीशी होत्या. आजही संगीताच्या परीक्षांस बसणाऱ्या विद्यार्थ्यांस दोन्ही पद्धतींचा परिचय करून घ्यावा लागतो. हा अभ्यासक्रम पुष्कळांस नीरस वाटतो. पण पलुसकरांची जुनी पुस्तके आज उघडता येतात, ती या नीरस अभ्यासाच्या बळावरच. लिपी मागे पडली तरी वाचक शिल्लक ठेवण्याची ही योजना आहे.

माळव्यात या दोन्ही परंपरा येऊन मिळाल्या. देवासच्या पवारांच्या दोन गाद्या, धारचे पवार, इंदूरचे होळकर आणि ग्वाल्हेरचे शिंदे यांच्या आश्रयामुळे मराठी माणसे आणि त्यांचे संगीत या प्रदेशात दोन शतकांहून अधिक काळ नांदले. देवासमध्ये उस्ताद रजब अली खाँ राहत होते. तेथेच १९४८ साली क्षयाने आजारी असलेले कुमार गंधर्व हवापालटासाठी आले आणि १९९२ साली मृत्यूपावेतो तेथेच राहिले. कुमार हे प्रा. बी. आर. देवधरांचे शिष्य, आणि देवधर हे पलुसकरांचे शिष्य. दुखण्याच्या दिवसांत गाणे बंद असता कुमारांच्या कानी माळव्यातील स्त्रियांची गाणी आणि नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजने पडली. ही लोकगीते त्यांनी मिळविली, त्यांचे स्वरलेखन केले आणि त्यांतून पुढे नवे राग उभे केले. १९६५ साली त्यांचा ‘अनूपरागविलास’ हा स्वरलिपियुक्त बंदिशींचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्या गाण्यांस पूर्वी कोणी लेखणी लावली नव्हती, ती अशा रीतीने कागदावर आली. तथापि कुमारांची बंदिश केवळ कागदावरून कोणी म्हणू लागल्यास ती कुमारांची होत नाही, हे कोणीही रसिक सांगेल. कागद स्वर सांगतो. त्या स्वराचा लगाव सांगत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठीच ध्वनिमुद्रणाची विद्या आली, असे पुष्कळांस वाटले. हिंदुस्थानात १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने पहिली व्यापारी ध्वनिमुद्रणे केली आणि गोहरजानचा आवाज तबकडीवर उतरला. आता वाचकाची गरज उरली नाही, तबकडी फिरविली की गायक समोर, असा समज झाला. पण तबकडीलाही वाचक लागतो, आणि तो चुकूही शकतो. आरंभीच्या तबकड्या मिनिटास ७८ फेऱ्यांच्याच गतीने कोरल्या गेल्या असतील, असा नेम नव्हता. ७४ फेऱ्यांनी कोरलेली तबकडी ७८ फेऱ्यांनी वाजविली, तर गायकाचा षड्ज जवळजवळ अर्धा स्वर चढतो आणि गाण्याची लयही त्याच प्रमाणात वाढते. एखादा बुजुर्ग गायक फार उंच आणि घाईने गात असे, असा जो ग्रह जुन्या तबकड्या ऐकून होतो, तो कित्येकदा यंत्राच्या गतीचा परिणाम असतो.

तबकडीनंतर चुंबकीय फीत आली. १९५५ साली इंदूरला आकाशवाणी केंद्र सुरू झाले आणि माळव्यातील गायकांचे आवाज रेडिओद्वारे घरोघर पोचू लागले. पुढे कॅसेटने तर भजनी मंडळींपर्यंत मजल मारली. माळव्यात कबीराची निर्गुणी भजने तंबुरा, करताल, मंजिरा आणि ढोलक यांच्या साथीने रात्रभर गाणाऱ्या मंडळ्या खेडोपाडी आहेत. १९९० नंतर देवास येथे ‘एकलव्य’ संस्थेच्या विद्यमाने कबीर भजन व विचार मंच चालविण्यात आला, आणि प्रह्लादसिंह टिपानिया यांच्यासारख्या गायकांमुळे ही गाणी देशभर गेली. टिपानियांस २०११ साली पद्मश्री मिळाली. हे गाणे पोथीतले नव्हे, कंठातले आहे. त्याची कोणत्याही काळातील मुद्रणे म्हणूनच मोलाची. आणि फीत काही अमर नाही. दमट हवेत तीवरील चुंबकीय लेप सुटतो, चिकट होतो, आणि तबकडीप्रमाणेच तिलाही योग्य यंत्र व योग्य गती लागते.

आता संगणकाकडे वळावयास हरकत नाही. संगणकावरील संगीताचा ‘प्रोजेक्ट’ म्हणजे तबकडी किंवा फीत नव्हे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. तो एक मांडणीचा कागद आहे. अमुक गायकाचा आवाज अमुक ठिकाणी ठेवलेल्या फाइलीतून घ्यावा, तो बाराव्या सेकंदास सुरू करावा, तबला थोडा मागे ठेवावा, अमुक प्लग-इनने आवाजास घुमारा द्यावा, अशा आज्ञा त्यात असतात. प्रत्यक्ष आवाज दुसरीकडे असतो. घुमारा देणारे प्लग-इन तिसरीकडे असते. कागद सांभाळला आणि आवाजाची पेटी हरवली, तर उघडणाऱ्यास रिकाम्या ओळी दिसतात. पेटी सांभाळली आणि प्लग-इन हरवले, तर आवाज येतो पण त्याचा साज जातो.

प्रोजेक्टातील काही भाग तर स्वरलिपीच असतो. १९८३ साली वाद्यनिर्मात्यांनी ‘मिडी’ नावाची एक सांकेतिक भाषा ठरविली. तीत आवाज नसतो. कोणता स्वर केव्हा, किती जोराने दाबला आणि केव्हा सोडला, एवढेच असते. ती टिकली आणि आजही वाचता येते, कारण भातखंडे पद्धतीप्रमाणे तीही साधी होती आणि सर्वांनी मिळून मानलेली होती. पण तिच्या मर्यादाही लिपीच्याच आहेत. तीत मींड दाखवावयाची तर स्वर ‘वाकविण्याची’ आज्ञा द्यावी लागते, आणि ती आज्ञा किती अंतराची समजावी हे वाजविणारे यंत्र ठरविते. लिहिणाऱ्याने बारा अर्धस्वरांचा पल्ला धरला आणि नव्या यंत्राने सामान्य रीतीप्रमाणे दोनच अर्धस्वरांचा धरला, तर षड्जापासून पंचमापर्यंत जावयाची मींड कोमल ऋषभाच्या जरा पुढे जाऊन थांबते. पलुसकरांच्या टिंबाने जो घोटाळा होत असे, त्याच जातीचा हा घोटाळा होय.

प्रोजेक्टच्या मांडणीला मात्र सर्वमान्य लिपी लाभली नाही. प्रत्येक कंपनीने आपली लिपी वेगळी ठेवली. हँबुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीचे ‘क्यूबेस’ १९८९ साली निघाले. २००२ साली त्याचा गाभाच बदलण्यात आला. जुनी गाणी उघडण्याची सोय काही काळ ठेवली गेली आणि पुढील आवृत्त्यांतून ती नाहीशी झाली. त्यामुळे त्यापूर्वीचे गाणे आज उघडावयाचे तर मधली एखादी आवृत्ती मिळवून, तीत उघडून, मग ते नव्या आवृत्तीत आणावे लागते. ‘लॉजिक’ हे सॉफ्टवेअर बनविणारी जर्मन कंपनी २००२ सालीच ॲपलने विकत घेतली आणि विंडोजवरील आवृत्ती बंद झाली. त्या दिवशी विंडोजवर काम करणाऱ्यांचे प्रोजेक्ट एका अर्थाने परदेशी झाले. ‘प्रो टूल्स’च्या २०१३ सालच्या अकराव्या आवृत्तीने जुन्या धाटणीची सर्व प्लग-इने वर्ज्य केली. २०१९ साली ॲपलच्या संगणकप्रणालीने बत्तीस बिटांचे कार्यक्रम चालविणेच थांबविले. या कंपन्यांना दोष देऊन भागणार नाही; यंत्रे बदलली, वेग वाढला, जुने ओझे टाकणे त्यांना भाग पडले. परंतु ते ओझे म्हणजे कोणाचे तरी गाणे होते, ही गोष्टही तितकीच खरी आहे.

कित्येकदा प्रोजेक्ट उघडतो, पण चुकीचा उघडतो, आणि हा धोका न उघडण्याहून मोठा आहे. आवाजाचे सेकंदास ४४,१०० नमुने घेऊन केलेले मुद्रण ४८,००० नमुन्यांचे समजून वाजविले गेले, तर सूर सुमारे दीड अर्धस्वराने चढतो. काळी एकमध्ये गायिलेले भजन पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्येच कोठेतरी लागते. पेटीवर हात ठेवून पाहणारा जाणता असेल तर ही चूक पकडेल. पण पन्नास वर्षांनी, मूळ गायक हयात नसता, त्याची पट्टी हीच होती असे कोणी लिहून ठेवले तर? चौऱ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीचीच ही पुनरावृत्ती ठरेल.

मग उपाय कोणता? इतिहासाने जी वाट दाखविली, तीच येथेही उपयोगी पडते. जे साधे, सर्वमान्य आणि थोड्या चिन्हांचे, ते टिकते. म्हणून काम संपताच प्रोजेक्टातील प्रत्येक वाद्य आणि प्रत्येक आवाज वेगळा काढून, सर्वांचा आरंभ एकाच क्षणी धरून, साध्या ‘वेव्ह’ स्वरूपाच्या फाइलींत उतरवून ठेवावा. मग कोणतेही सॉफ्टवेअर असो, त्या फाइली एकाखाली एक मांडल्या की गाणे जुळते. प्लग-इनने साजविलेला आवाज आणि मूळ कोरा आवाज, दोन्ही ठेवावेत. आंतरराष्ट्रीय ध्वनिसंग्रहालयांची संघटना जुन्या मुद्रणांच्या प्रतींसाठी सेकंदास निदान ४८,००० नमुने आणि २४ बिट यांची शिफारस करते. ते मान इथेही धरावे. मिडीचा भाग मिडी म्हणूनही ठेवावा आणि वाजवून ध्वनी म्हणूनही ठेवावा. अलीकडे, २०२३ साली, दोन कंपन्यांनी प्रोजेक्टची एक खुली सामाईक लिपी पुढे केली आहे. ती सर्वांनी मानली तर उत्तमच, पण तीवर एकट्या विसंबून राहू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सोबत एक साधा कागद असावा. गायकाची पट्टी कोणती, ताल कोणता, लय मिनिटास किती मात्रांची, साथीदार कोण, मुद्रण कोणत्या दिवशी व कोठे झाले, नमुन्यांची संख्या किती, कोणत्या सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती, हे त्यावर शाईने लिहिलेले असावे. एका पानाचे हे काम आहे. कुडुमियामलैच्या खडकाशेजारी असे चार ओळींचे टिपण कोणी कोरून ठेवले असते, तर तेरा शतकांनंतरचा वाद उद्भवलाच नसता.

मोठ्या शहरांतील ध्वनिमुद्रणगृहांजवळ माणसे आहेत, पैसा आहे. ती आपली सोय पाहतील. काळजी आहे ती सोनकच्छसारख्या गावांभोवती झालेल्या कामाची. लहान दुकानातील एका संगणकावर मुद्रित झालेली निर्गुणी भजने, लग्नगीते, माळवी लोकगीते यांची मुळे बहुधा एकाच तबकडीत अडकलेली असतात. दुकान बंद झाले, संगणक भंगारात गेला, की बाजारात विकली गेलेली तयार प्रतच काय ती उरते. त्या प्रतीतून एकट्या गायकाचा आवाज शुद्ध स्वरूपात परत मिळणे कठीण. तंबुरा कसा मिळविला होता, ढोलकाने कोठे लग्गी धरली, हे वेगळे करून ऐकणे कठीण. ज्याला हे गाणे शिकावयाचे आहे, त्याला नेमके तेच ऐकावयाचे असते. म्हणून ज्यांच्याजवळ अशी जुनी कामे पडून असतील, त्यांनी जुने यंत्र चालू आहे तोवरच ती उघडून, वेगळी काढून, दोन-तीन ठिकाणी ठेवावीत. ते यंत्र एकदा बंद पडले म्हणजे दुरुस्त करणारा मिळणे पुढे अवघड होत जाईल.

घराण्यांतून बंदिशी टिकल्या, त्या पेटीत कुलूपबंद ठेवून टिकल्या नाहीत. गुरूने शिष्यास दिल्या, शिष्याने रोज म्हटल्या, चुकल्या तेथे गुरूने टोकले, म्हणून त्या पुढे आल्या. ज्या कोणी म्हटल्या नाहीत त्या गेल्या. संगणकातील गाण्यालाही हाच न्याय लागू आहे. दर काही वर्षांनी ते उघडून पाहावे, ऐकावे, पट्टी जुळते का हे पेटीवर ताडून घ्यावे, आणि नव्या स्वरूपात उतरवून पुढच्या हाती द्यावे. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्यात कीर्ती नाही. पण भातखंड्यांनी गावोगाव हिंडून बंदिशी लिहून घेतल्या तेव्हा, किंवा कुमारांनी माळव्यातील गाणी ऐकून त्यांचे स्वर टिपले तेव्हा, त्यांनी हेच काम केले होते. त्यांच्या त्या कामावर आजची पिढी गाते आहे, आणि पुढची पिढी काय गाणार, हे आज किती जण असे काम हाती घेतात यावर अवलंबून राहील.